न वाजणारा शंख घेऊन चंदीगडला

गणपतीत सगळं जग कोकणात येतं. जादा गाड्या सुटतात, एसट्या भरभरून येतात, मुंबईचे पाहुणे स्टेशनवर उतरल्या उतरल्या "हवा बघ, हवा!" म्हणतात. मी नेमकी त्या दिवसांत रत्नागिरीहून उलट्या दिशेला निघाले, तेही एकटी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला शंख घेऊन. चंदीगडला कसं जायचं, काय बघायचं, असं काही वाचकांनी विचारलंय. ते सगळं सांगते, पण शंखाबरोबर सांगावं लागेल. त्याच्याशिवाय मी तिथे काही पाहिलेलंच नाही.

माझे काका हवाई दलात आहेत. काही वर्षांपासून त्यांचं पोस्टिंग चंदीगडला होतं आणि यंदा निवृत्त होऊन ते पुण्याला जाणार होते. तिथल्या मराठी मंडळींचा गणपती त्यांनीच वाढवलेला. हॉस्पिटलातले डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक, लष्करातली कुटुंबं, सगळ्यांना फोन करकरून त्यांनी आरतीला उभं केलं. हा त्यांचा तिथला शेवटचा गणपती. म्हणून त्यांनी बाबांना फोन केला, "दादा, यंदा गणपतीला खरा शंख हवा. आपल्याकडचा. आणि तो घेऊन अनूला पाठव. पोरीला जरा जग बघू दे."

अनू म्हणजे मी. लहानपणी मला दमा होता, त्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि आईने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. त्याचा परिणाम असा की मला गोगलगायीची अंतर्रचना येते, पण अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा तर आधी मनात तीनदा वाक्य म्हणून बघावं लागतं.

शंख आणायला आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. 'आपल्याकडचा' वगैरे काकांचा भाबडेपणा. देवळाबाहेरच्या दुकानांतले शंख येतात रामेश्वराकडून. बाबांनी तिथे माझी तोंडी परीक्षाच घेतली. शंख म्हणजे टर्बिनेला पायरम नावाच्या समुद्री गोगलगायीचं घर. अंगाने जाड, वजनाला भारी, आतल्या मधल्या खांबावर तीन-चार घड्या. त्या बोटाने लागल्या की समजायचं, खरा. दुकानदाराने एक डावरा, म्हणजे उलट्या पिळाचा शंख दाखवून "दक्षिणावर्ती आहे, घरात लक्ष्मी येते" म्हटलं. बाबांनी त्याला तो परदेशी समुद्रातल्या भलत्याच गोगलगायीचा आहे, ती जातच डावरी असते, हे इतकं सविस्तर सांगितलं की मागची दोन गिऱ्हाइकं निघून गेली. शेवटी आम्ही एक पांढराशुभ्र, शेंड्यापर्यंत अखंड शंख निवडला. पैसे देताना दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा तुम्हाला कशासाठी..."

"आम्हाला माहितीये," बाबा म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा.

केरळातून कोकण रेल्वेने थेट चंदीगडला जाणारी एक गाडी आहे. रोज नसते, वार बघून आरक्षण करा. रत्नागिरीला थांबते आणि गाडीत दोन रात्री काढाव्या लागतात. स्लीपरने पाठ आखडते, पण खिडकीतून भाताची खाचरं संपून बाजरी आणि बाजरी संपून मोहरीच्या रिकाम्या जमिनी लागताना बघायच्या असतील तर स्लीपरच बरा. डबा बराचसा मोकळा होता. माझ्या समोर चंदीगडच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्स होत्या. गाडी वळली की मी टॉवेलाचं गाठोडं छातीशी धरायचे. पनवेल गेल्यावर त्यांतली एक न राहवून म्हणाली, "बेबी को थोड़ा हवा दो. मुँह खुला रखो."

मी गाठोडं उघडून दाखवलं. दोघी पदराआड हसल्या. मग पुढचा सगळा प्रवास त्या शंखाला 'बेबी' म्हणत होत्या. मी बाथरूमला गेले तर आळीपाळीने त्याला सांभाळतही होत्या.

तिकीट तपासनीस आले तेव्हा मी आपणहून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, इसमें शंख है. पूजा का है. प्राणी पहले से मरा हुआ है. बिल भी है." कुठल्या शंख-शिंपल्यांवर बंदी आहे ते बाबांनी आधीच पाहून ठेवलं होतं आणि हा त्यांत नाही, हेही मी सांगणार होते.

"मॅडम," ते म्हणाले, "टिकट दिखाइए."

कोट्याला कचोरी घ्या. गरम असेल तरच घ्या. मी गार घेतली, कारण गरम कचोरीवाला पुढच्या डब्यापाशी होता आणि बेबीला सोडून उतरणं मला जमेना.

चंदीगड स्टेशनवर काका आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी इरा घ्यायला आले होते. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते. काकांनी मला जवळ घेण्याआधी गाठोडं घेतलं.

"आला का राजा!"

"दीदी, पापा ने पूरे सेक्टर को बता दिया है," इरा म्हणाली. "अब कुछ गड़बड़ हुई ना, तो हम लोग सीधे पुणे शिफ्ट."

चंदीगड माझ्यासारख्या घाबरट माणसासाठीच बांधलंय असं पहिल्या तासाभरात वाटलं. रस्ते सरळ, झाडं ओळीत, प्रत्येक वस्तीला नंबर. इथे हरवायची सोयच नाही. दुसऱ्या तासाभरात कळलं की सगळे चौक सारखेच दिसतात, त्यामुळे माणूस हरवतो आणि हरवलोय हे त्याला कळतही नाही. काकांचं भाड्याचं घर सेहेचाळीस सेक्टरमध्ये, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण ढिल्लों आंटी. त्या गेटपाशी वाटच बघत होत्या. त्यांनी शंख कानाला लावला आणि डोळे मिटले.

"हाय, समुंदर!"

इथे कुठलीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. मी म्हणाले, "आंटी, वो समुंदर की आवाज़ नहीं होती. आसपास की जो आवाज़ें हैं ना, वही अंदर गूँजती हैं."

आंटींनी एक डोळा उघडला. रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "पुत्तर," त्या म्हणाल्या, "साडे सेक्टर च ऐन्नी अवाज कित्थे?" आणि डोळा पुन्हा मिटला. एवढा आवाज या सेक्टरमध्ये आहे कुठे? माझ्या माहितीप्रमाणे याचं उत्तर बाबांकडेही नाही.

संध्याकाळी चहाला मंडळातली माणसं जमली. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे देशमुख सर, बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलातले एक छातीचे डॉक्टर आणि त्यांची बायको. माझ्या मंदाकाकू दातांच्या डॉक्टर आहेत. त्या दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या आणि पोहे परतत होत्या. काकांनी शंख ताम्हनात ठेवून बाहेर आणला.

"मागची दोन वर्षं आपण कॅसेटवर शंख वाजवला," ते म्हणाले. "गेल्या वर्षी कॅसेट अडकली आणि स्थापनेच्या वेळी म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला. शेजारच्या शर्मांच्या पाहुण्यांना वाटलं, आपल्यात तशीच पद्धत आहे. यंदा नाही! यंदा मी स्वतः वाजवणार."

माझ्या हातातली बशी तिथेच थांबली. वाजवणार?

काकांनी शंख उचलला, छाती भरून घेतली आणि तोंडाला लावला. गाल फुगले, मान लाल झाली, डोळे बाहेर आले. आवाज शून्य. त्यांनी शंख फिरवून पाहिला. दुसऱ्या बाजूने लावला. देशमुख सर जवळ आले, छातीचे डॉक्टर जवळ आले. तिघांनी मिळून त्याची तपासणी केली.

"पापा," इरा दारातून म्हणाली, "इसमें फूँकने की जगह ही नहीं है."

आमच्या घरात देव्हाऱ्यात शंख आहे. रोज त्याला स्नान असतं, गंध असतं, फूल असतं. तो कधी कुणी वाजवलेला मी पाहिला नाही, कारण तो वाजवायचा नसतोच. पूजेचा शंख अखंड असतो. वाजवायच्या शंखाचं टोक कापलेलं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरातलं कुणीही 'शंख' म्हटल्यावर अखंड शंखच डोळ्यांपुढे आणणार. आम्ही वजन पाहिलं, रंग पाहिला, घड्या पाहिल्या, जात पाहिली. भोक पाहिलं नाही. दुकानदार विचारत होता, तर त्याला बोलू दिलं नाही.

काकांनी बाबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"दादा, अरे याला भोक नाही!"

"भोक कशाला?"

"वाजवायला!"

बाबा म्हणाले, "वाजवायचा होता होय? तू म्हणालास, खरा आण. खराच आहे तो. घड्या बघ हवं तर."

"घड्या काय वाजवू?"

मंडळी हसली, पोहे खाऊन गेली. गेल्यावर काका खुर्चीत बसले आणि शंख मांडीवर घेऊन त्यावर हात फिरवत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "लहानपणी मला वाजवून बघायचा होता घरचा," ते म्हणाले. "तुझ्या आजोबांनी हात लावू दिला नाही. म्हटलं, जाता जाता एकदा तरी." मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, "जाऊ दे गं. कॅसेट आहे की."

रात्रभर मला ती म्हैस ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी, आम्ही बावीस सेक्टरच्या बाजारात गेलो. खरेदीसाठी जागा उत्तम आहे. फुलकारीचे दुपट्टे स्वस्त मिळतात, छोले-भटुरे खाऊन दुपार झोपेत जाते. पूजेच्या सामानाच्या दुकानात शंख होते, पण दोन आधीच विकले गेलेले आणि उरलेल्या एकाला मोठी चीर. दुकानदाराने काकांचा चेहरा पाहून काउंटरखालून दुसरंच काहीतरी काढलं. प्लॅस्टिकचा शंख, पोटात बॅटरी.

"सर, ये लीजिए, बटन वाला. पहले शंख बजेगा, फिर आरती. फूँकने का झंझट ही नहीं. चाइना का माल है, एकदम पक्का."

काकांनी त्याला इतक्या सभ्यपणे नको म्हटलं की मला त्यांची भीती वाटली.

घरी आल्यावर आतापर्यंत एक शब्द न बोललेल्या काकू म्हणाल्या, "वरचं टोकच कापायचंय ना? मग बाजारात कशाला हिंडताय? दुपारी दवाखान्यात आणा. दोन पेशंट झाले की घेते."

काकूंचा दवाखाना पस्तीस सेक्टरमध्ये, दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. शंखाला त्यांनी पेशंटच्या खुर्चीत ठेवलं, वरचा दिवा त्याच्यावर वळवला आणि सवयीने त्याच्या गळ्याखाली कागदी रुमालही खोचला. कवळ्या बनवताना वापरतात ती छोटी फिरती चकती त्यांनी यंत्राला लावली. मला मास्क दिला. मी शंख टॉवेलात घट्ट धरायचा आणि पिचकारीने पाणी सोडत राहायचं, म्हणजे धूळ उडणार नाही.

"काकू, फुटला तर?"

"तर फुटला."

"पण उद्या गणपती..."

"अनू, तू शंखाला धरलंयस की शंखाने तुला? हात सैल कर थोडा."

मी बाबांना फोन लावून मोबाईल खांद्यात धरला. बाबा तिकडून सांगत होते, मधला खांब भरीव असतो, त्याच्या बाजूची वाट उघडेपर्यंतच कापायचं, थोडं थोडं. काकू म्हणाल्या, "भावजींना सांग, मी रूट कॅनाल करते. वाट शोधायचंच काम आहे माझं." चकती सुरू झाली. तो आवाज, तो वास. दाढ कापतानाचाच वास होता अगदी. माझ्या स्वतःच्या दाढा शिवशिवायला लागल्या. मनात आलं, आत कुणी नाही, कधीचंच नाही. तरीही मी पुटपुटले, "झालं हं, झालंच." कुणाला म्हणाले, देव जाणे.

टोक सुटलं आणि टॉवेलात पडलं. काकूंनी दात कोरायची बारीक सुई घालून वाट मोठी केली, कडा घासून गुळगुळीत केल्या. मी पांढऱ्या चिखलाने माखलेला टॉवेल आणि शंख घेऊन बाहेर आले, तर बाकावर गाल धरून एक सरदारजी बसले होते. त्यांनी इतका वेळ आतून यंत्राचा आवाज ऐकला होता. त्यांनी शंखाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"ऐड्डा वड्डा दंद?" एवढा मोठा दात? "किसदा सी?" कुणाचा होता?

मी समजावून सांगायला तोंड उघडेपर्यंत ते जिना उतरून गेले होते. काकू म्हणाल्या, येतील, दाढ दुखतेय, जातील कुठे.

त्या संध्याकाळी घरात फक्त सराव. काकांनी फुंकलं तर सायकलची हवा गेल्यासारखं व्हायचं. मी फुंकलं तर तेवढंही नाही. इरा शाळेच्या बँडमध्ये बिगुल वाजवते. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "पापा, हवा नहीं भरनी, होंठ हिलाने हैं. घोड़ा कैसे करता है? वैसे." मग हवाई दलातले एक ज्येष्ठ अधिकारी दिवाणखान्यात घोड्यासारखे ओठ फुरफुरवत येरझाऱ्या घालू लागले. दहापैकी एकदा आवाज यायचा, तोही मध्येच तुटायचा. खालून ढिल्लों आंटींनी विचारलं, सब ठीक है ना?

आणि मी एक गोष्ट केली. 'जरा सुखना लेक बघून येते' असं सांगून रिक्षाने पुन्हा बावीस सेक्टरला गेले आणि तो बटनवाला शंख विकत घेतला. सुखना लेक फार सुंदर आहे म्हणतात. तुम्ही नक्की बघा.

सकाळी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये गणपती बसला. नऊवारीतल्या बायका, फेटे बांधलेले डॉक्टर, रोमन लिपीतल्या आरत्यांचे कागद धरून उभी असलेली मुलं. मी मूर्तीच्या मागच्या पडद्यालगत जागा धरली. ओढणीखाली पर्स, पर्समध्ये तो शंख, आणि बटनावर माझा अंगठा. मला खोटं बोलता येत नाही, पण काकांची फजिती बघवणार नव्हती. कालची सगळी रात्र मी या दोन गोष्टी तोलत होते आणि अजून निकाल लागला नव्हता.

गुरुजींनी मान हलवली. काकांनी शंख ओठांना लावला. हवा गेली. नुसतीच हवा. कुणीतरी खोकलं. देशमुख सर टेपरेकॉर्डरकडे बघायला लागले. काकांनी शंख खाली घेतला, ओठ ओले केले, आणि त्यांची नजर इराकडे गेली. इराने हॉलभर लोकांसमोर, ऑर्गंझाच्या साडीत, न लाजता घोड्यासारखे ओठ फुरफुरवून दाखवले.

माझा अंगठा बटनावर टेकला. मी डोळे मिटले.

आणि शंख वाजला.

खोल, लांब, सुरुवातीला थरथरणारा आणि मग एकदम सरळ झालेला आवाज. खिडक्यांच्या काचांना हात लावून यावा तसा. क्षणभर मला खरंच कळेना, वाजतोय तो काकांचा की माझा. मी पुढच्या आरतीची वाट पाहत राहिले. आरती आली नाही. आवाज तसाच चालू होता, जिथे माणसाचा दम संपावा तिथपर्यंत, आणि शेवटी जरा फाटला. बॅटरीचा शंख फाटत नाही. मी डोळे उघडले. काका घामाने निथळत होते आणि लहान मुलासारखे हसत होते.

"मोरया!" छातीचे डॉक्टर ओरडले. "फुप्फुसं शाबूत आहेत!"

प्रसादाच्या वेळी मी काकूंना पर्स उघडून दाखवली. त्या इतक्या हसल्या की मोदकाचा ठसका लागला. तो शंख आता ढिल्लों आंटींच्या दारावर आहे. घंटीच्या जागी लावलाय. कुणी आलं की आधी शंख, मग पूर्ण आरती, मग आंटी.

जाणार असाल तर थोडक्यात: त्रेचाळीस सेक्टरच्या बस अड्ड्यावरून हिमाचलच्या गाड्या मिळतात, पहाटे गेलात तर बसायला जागा मिळते. रॉक गार्डनला दुपारी जाऊ नका. भाद्रपदात उकाडा कोकणासारखाच असतो, फक्त समुद्राशिवाय. आणि लोक रस्ता विचारला तर सांगतात. मी परतीच्या दिवशी एका अनोळखी बाईंना विचारला, मनात न घोकता. रस्ता चुकीचा सांगितला त्यांनी, पण विचारला मी.

निघताना काकूंनी कवळीची एक छोटी प्लॅस्टिकची डबी दिली. आत ते कापलेलं टोक होतं, धुऊन, कापसात.

घरी पोचल्यावर बाबांनी ते भिंगाखाली धरलं. "ही त्याची पहिली खोली," ते म्हणाले. "अंड्यातून बाहेर यायच्या आधीच पिल्लू ही बांधतं. पुढची सगळी घरं हिच्यावर उभी राहतात." त्यांनी टोक तळहातावर ठेवलं. "ही अखंड ठेवली की आवाज निघत नाही, होय?"

"नाही निघत."

"आणि कसा वाजला?"

मी तोंडाने वाजवून दाखवायचा प्रयत्न केला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला दम लागला. बाबा हसले नाहीत. देव्हाऱ्यापाशी गेले, घरचा शंख उचलला, त्याच्या न कापलेल्या शेंड्यावरून अंगठा फिरवला. मग तो जसा होता तसा ठेवला, फूल सारखं केलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले,

"दिवाळीला ते लोक येणार आहेत ना? मंदाला सांग, येताना ती चकती घेऊन ये म्हणावं."